तीस टक्के गेल्यावर छपराचा हिशेब

ज्यांनी २०२५मध्ये घरावर सोलर बसवलं, ते यंदाचं टॅक्स रिटर्न भरताना फॉर्म ५६९५ भरतील आणि खर्चाच्या ३० टक्के रक्कम आपल्या करातून वजा करून घेतील. २०२६मध्ये बसवणाऱ्यांना ही सोय नाही. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्यानं कलम २५-डीखालचं हे क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ला संपवलं. ३० टक्के दराची मूळ मुदत २०३२च्या अखेरपर्यंत होती. पैसे कधी दिले याला महत्त्व नव्हतं, काम पूर्ण कधी झालं याला होतं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या शेवटच्या तीन महिन्यांत देशभर शिड्या लावायला माणसं मिळेनात.

तेव्हापासून मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच सूर आहे: ‘आता सोलर परवडत नाही, संपलं.’ मला हे मान्य नाही. क्रेडिट गेल्याचं नुकसान खरं आहे आणि ते लहानही नाही. पण तुमच्या घरावर सोलर परवडतं की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टींत त्या क्रेडिटचा नंबर पहिला कधीच नव्हता. त्याच्या आधी दोन गोष्टी येतात. तुमच्या छपरावरून बाहेर गेलेल्या युनिटला वीज कंपनी काय भाव देते, आणि अमेरिकेत हे काम करून घ्यायला वॉटमागे किती डॉलर मोजावे लागतात. या दोन गोष्टींबद्दल आपण फारच कमी बोललो, कारण ३० टक्क्यांच्या गोडीत त्या झाकून गेल्या होत्या.

आधी थोडी भाषा सरळ करून घेऊ. महाराष्ट्रात वाढलेल्यांना वीजमंडळाच्या बिलावरचं ‘युनिट’ पाठ असतं. तेच इथलं किलोवॉट-तास. छपरावरच्या पॅनेलची क्षमता किलोवॉटमध्ये मोजतात, त्यातून निघालेली वीज युनिटांमध्ये. १ किलोवॉटच्या पॅनेलमधून वर्षाला किती युनिटं मिळतात ते उन्हावर अवलंबून. सिॲटलमध्ये साधारण १,०५०, न्यू जर्सीत १,२००, कॅलिफोर्नियात १,५०० किंवा जास्त, ॲरिझोनात १,७००च्या घरात. म्हणजे सगळ्यात ढगाळ आणि सगळ्यात रखरखीत ठिकाणांत फरक दुपटीहून कमी आहे. विजेच्या दरातला फरक मात्र तिपटीच्या जवळ जातो. आयडाहो किंवा लुइझियानात युनिट १२ सेंटच्या आसपास, कॅलिफोर्नियात ३० सेंटच्या वर. सोलरचं अर्थकारण ठरवताना आकाशाकडे पाहण्याआधी बिलाकडे पाहावं, ते यासाठी.

आता आकडे मांडू. ७ किलोवॉटची यंत्रणा धरू. सर्वसाधारण अमेरिकन घर वर्षाला १०,५००च्या आसपास युनिटं वापरतं, त्यातला मोठा हिस्सा ती भागवते. भाव वॉटला ३ डॉलर, म्हणजे एकूण २१,००० डॉलर. क्रेडिट असतं तर ६,३०० परत मिळाले असते आणि खिशातून १४,७०० गेले असते.

न्यू जर्सीत, एडिसन किंवा प्लेन्सबरोच्या घरावर, ही यंत्रणा वर्षाला ८,४०० युनिटं देईल. युनिट २२ सेंटनी धरलं तर १,८४८ डॉलर वाचले. शिवाय २०२१पासून न्यू जर्सी दर हजार युनिटांमागे एक प्रमाणपत्र देतं. त्याचा भाव ८० डॉलरच्या आसपास धरू, आणि तो १५ वर्षं मिळतो. ते ६७२. एकूण वर्षाला सुमारे २,५०० डॉलर. क्रेडिट असतं तर पैसे सहा वर्षांच्या आत वसूल झाले असते. क्रेडिटशिवाय सव्वाआठ वर्षं लागतील. पॅनेल २५ वर्षं चालतं, दर वर्षी अर्धा टक्का क्षमता गमावत. हा सगळा घसारा धरूनही मुद्दलावर वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास परतावा पडतो. आणि वाचलेल्या बिलावर आयकर लागत नाही. बँकेच्या व्याजावर लागतो. आपल्यापैकी बरेच जण ज्या करपायरीवर बसले आहेत, तिथे हा फरक चांगला जाणवतो. न्यू जर्सीत सोलरच्या खरेदीवर विक्रीकर नाही, आणि त्यामुळे घराची किंमत वाढली तरी त्या वाढीवर प्रॉपर्टी टॅक्स नाही. तिथला प्रॉपर्टी टॅक्स ज्यांनी भरला आहे त्यांना या वाक्याचं मोल सांगायला नको.

हीच यंत्रणा सिॲटलला नेली तर ७,३५० युनिटं, १३ सेंटनी ९५५ डॉलर. वसुलीला २२ वर्षं. क्रेडिट असतं तरी पंधराच्या वर गेली असती. म्हणजे क्रेडिट असताना तिथे सोलर पैशासाठी फारसं शहाणपणाचं नव्हतं, आणि न्यू जर्सीत क्रेडिट नसतानाही ते शहाणपणाचं आहे. एकाच देशात, एकाच कराच्या कायद्याखाली.

आता कॅलिफोर्निया, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

वर्षाला १०,५०० युनिटं, दर ३५ सेंट. जुन्या नेट मीटरिंगच्या नियमानुसार दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट आणि रात्री ग्रिडकडून घेतलेलं युनिट यांची जवळजवळ बरोबरीनं वजावट व्हायची. बारीकसारीक शुल्कं सोडली तर वर्षाला ३,६७५ डॉलर वाचायचे आणि क्रेडिटशिवायही पावणेसहा वर्षांत पैसे वसूल. १५ डिसेंबर २०२२ला तिथल्या नियामक आयोगानं नवा नियम केला आणि एप्रिल २०२३च्या मध्यापासून येणाऱ्या अर्जांना तो लागू झाला. आता बाहेर दिलेल्या युनिटला ग्रिडची त्या घटकेला जेवढी बचत होते तेवढाच भाव. तो आधीच्या मानानं सरासरी ७५ टक्क्यांनी कमी. आपण ६ सेंट धरू. घरात दिवसा ४० टक्के वीज वापरली जाते असं मानलं तर ४,२०० युनिटांचे १,४७० डॉलर आणि बाहेर गेलेल्या ६,३०० युनिटांचे ३७८. एकूण १,८४८. वसुलीला साडेअकरा वर्षं.

तुलना करा. क्रेडिट गेल्यानं कॅलिफोर्नियातल्या नव्या ग्राहकाची वसुली आठ वर्षांवरून साडेअकरावर गेली. नेट मीटरिंगच्या बदलानं ती पावणेसहावरून साडेअकरावर गेली, म्हणजे दुप्पट झाली. वॉशिंग्टनमधल्या कायद्यावर आपण सहा महिने चर्चा केली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका आयोगाचा निर्णय त्याहून मोठा होता, आणि तो कॅलिफोर्नियाबाहेर फारसा कुणाच्या कानावरही आला नाही. इलिनॉयमध्येही १ जानेवारी २०२५पासून नव्या सोलर ग्राहकांना बाहेर दिलेल्या युनिटावर फक्त वीजपुरवठ्याच्या भागाचं श्रेय मिळतं, वहनाच्या भागाचं नाही. टेक्सासात राज्यभर लागू असा नियमच नाही. ज्या कंपनीकडून वीज घ्याल तिची परतखरेदीची योजना वाचायची, आणि कंपनी बदलली की पुन्हा वाचायची.

वीज कंपन्या लुच्च्या आहेत म्हणून हे झालं असं म्हणणं सोपं आहे. थोडी लबाडी आहेच. पण यामागे भौतिकशास्त्रही आहे आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे. ग्रिडवर वीज साठत नाही. प्रत्येक क्षणी मागणी आणि पुरवठा जुळवावा लागतो. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालवणाऱ्या संस्थेनं २०१३मध्ये एक आलेख काढला. दिवसभरातल्या एकूण मागणीतून सौर आणि पवनवीज वजा केली तर उरलेल्या मागणीचा आकार बदकासारखा दिसतो: दुपारी पोट खाली गेलेलं, संध्याकाळी मान सरळ वर. वसंत ऋतूत ऊन स्वच्छ असतं आणि एसी अजून सुरू झालेले नसतात, तेव्हा दुपारी घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याच्या खालीही जातो. संध्याकाळी सातला, सूर्य बुडाल्यावर आणि सगळे घरी आल्यावर, तीच वीज सोन्याच्या भावानं विकली जाते. भाजी मंडईत दुपारी एकला दहा ट्रक टोमॅटो एकदम आले तर काय होतं ते नारायणगावच्या शेतकऱ्याला विचारा. युनिट युनिटासारखं नसतं. जुनं नेट मीटरिंग ते तसं आहे असं मानून चाललं होतं. सोलर घरं थोडी होती तोवर ते निभावलं.

दुसरा मुद्दा अवघड आहे. ग्रिडचे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च युनिटाच्या दरातून वसूल होतो. ज्याचं बिल शून्यावर आलं त्यानं तो खर्च दिला नाही, पण रात्री ग्रिड मात्र वापरली. मग तो कुणी दिला? ज्यांच्याकडे छप्पर नाही त्यांनी, म्हणजे अपार्टमेंटमधल्या भाडेकरूंनी. हा बोजा नक्की किती, यावर कॅलिफोर्नियात तुंबळ भांडण आहे, आणि वीज कंपन्या तो फुगवून सांगतात हा आरोप मला बराचसा पटतो. पण तो शून्य आहे हे मला पटत नाही.

३० टक्क्यांच्या क्रेडिटबद्दलही हेच. अर्थखात्याच्या आकड्यांनुसार २०२३च्या रिटर्नांमध्ये १२ लाखांहून अधिक कुटुंबांनी या कलमाखाली ६ अब्ज डॉलरहून जास्त क्रेडिट घेतलं, म्हणजे कुटुंबामागे सरासरी सुमारे ५,००० डॉलर. हे क्रेडिट कर जेवढा आहे तेवढाच कमी करायचं, त्यापलीकडे हातात पैसे द्यायचं नाही. त्यामुळे ज्याला कर लागतच नाही, अशा निवृत्त जोडप्याला किंवा शाळेच्या बसचालकाला त्याचा उपयोग जवळजवळ नव्हता. दोन पगार, स्वतःचं घर आणि दक्षिणेकडे उतरतं छप्पर असलेल्यांना पुरेपूर होता. ते कोण, हे आपण आरशात पाहून सांगू शकतो. म्हणून ‘सरकारनं सर्वसामान्यांचं सोलर काढून घेतलं’ हे वाक्य आपल्या गटांवर वाचलं की मला थोडं हसू येतं.

तरीही ज्या पद्धतीनं ते काढलं ती वाईटच. सात वर्षं आधी, सहा महिन्यांच्या सूचनेवर. एका उद्योगाला असा झटका दिला की काय होतं याचा अमेरिकेला अनुभव आहे. १९७८च्या कायद्यानं घरगुती सौरऊर्जेला पहिल्यांदा कर-क्रेडिट दिलं, १९८०मध्ये ते ४० टक्क्यांवर नेलं. जून १९७९मध्ये जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौरपॅनेलं बसवली. १९८५च्या अखेरीस ते क्रेडिट संपलं, पुढच्या वर्षी व्हाइट हाउसवरची पॅनेलंही उतरली. सौरबंब बसवणाऱ्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या आणि लोकांच्या छपरांवर, दुरुस्तीला कुणी न उरलेले, गळके बंब राहिले. आजची पॅनेलं गळत नाहीत एवढा फरक आहे. पण सनपॉवरनं ऑगस्ट २०२४मध्ये आणि सनोव्हानं जून २०२५मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा पंचवीस वर्षांची हमी दिलेले कागद हातात घेऊन बसलेल्या घरमालकांना १९८६ची आठवण करून द्यायला हरकत नव्हती.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, भावाकडे. माझ्या मते सगळ्यात मोठी रक्कम इथे अडकली आहे.

भारतात फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. ३ किलोवॉटच्या घराला ७८,००० रुपये अनुदान. हा आकडा काढताना सरकारनं धरलेला भाव पाहण्यासारखा आहे: पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० रुपये, तिसऱ्याला ४५,०००. पहिल्या दोनवर ६० टक्के, तिसऱ्यावर ४० टक्के. म्हणजे पूर्ण यंत्रणा १ लाख ४५ हजारांत. प्रत्यक्षात पुण्यात-साताऱ्यात थोडे जास्त लागतात, कारण गच्चीवर उंच लोखंडी सांगाडा करून घ्यायचा असतो, खाली पापड वाळवायला जागा हवी असते. तरी डॉलरमध्ये वॉटला पाऊण डॉलरच्या आसपासच बसतं. इथे ३.

‘मजुरी!’ असं उत्तर लगेच येतं. इथला इलेक्ट्रिशियन तासाला किती घेतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऑस्ट्रेलियातली मजुरी काही स्वस्त नाही. तिथे ४० लाखांहून अधिक घरांवर सोलर आहे, साधारण तीन घरांमागे एक. अनुदान धरून ग्राहकाला वॉटला एक ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास पडतं, आणि अनुदान बाजूला काढलं तरी किंमत अमेरिकन डॉलरच्याच जवळपास राहते. मेलबर्नच्या मजुराला आपण स्वस्त म्हणणार असू तर प्रश्नच मिटला.

मग दोन डॉलर जातात कुठे? पॅनेलमध्ये नाही. अमेरिकेनं २०१२पासून चिनी पॅनेलवर आणि २०१८पासून जवळजवळ सगळ्याच आयात पॅनेलवर शुल्कं लावली, त्यामुळे इथे पॅनेल जगापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग आहे हे खरं. पण महाग म्हणजे वॉटला २५-३० सेंट. ३ डॉलरमधला दहावा हिस्सा. उरलेला पैसा कागदात आणि माणसं गाठण्यात जातो. प्रत्येक गावाचं बांधकाम खातं वेगळं, प्रत्येकाचा नकाशाचा नमुना वेगळा, अग्निशमनाचे नियम वेगळे. आधी परवाना, मग तपासणी, मग वीज कंपनीची परवानगी, मग पुन्हा तपासणी. ऑस्ट्रेलियात सकाळी आलेली माणसं संध्याकाळी काम संपवून जातात आणि कागदपत्रं बहुतांशी ऑनलाइन होतात. इथे करारापासून मीटर सुरू होईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, आणि तेवढ्या वेळात कंपनीला कचेरी चालवायची असते. या काळात बरेच ग्राहक करार मोडतात. त्यांच्यावर झालेला खर्च उरलेल्यांच्या बिलात चढतो.

आणि विक्री. दारावर येणारा मुलगा, शॉपिंग मॉलमधलं टेबल, मंडळाच्या गणपतीत ढोल-ताशा पथकाच्या शेजारी लागलेला स्टॉल, या सगळ्याचं कमिशन तुमच्याच वॉटमधून जातं. ‘अरे, मी अमक्याकडून बसवलं, मस्त आहे, तुझं नाव देऊ का?’ असं विचारणाऱ्या मित्राला बहुतेक कंपन्या काही शे डॉलर देतात. त्यात गैर नाही, पण ते माहीत असावं. सल्ला आणि दलाली यांतला फरक आपल्या समाजात नात्यागोत्याच्या साखरेत लवकर विरघळतो.

सगळ्यात जास्त पैसा कर्जात मुरतो, असा माझा अंदाज. ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी असलेल्या केंद्रीय कार्यालयानं ऑगस्ट २०२४मध्ये सोलर-कर्जांवर एक अहवाल काढला. व्याजदर आकर्षक दिसावा म्हणून ‘डीलर फी’ मुद्दलातच घातली जाते आणि त्यानं किंमत रोख भावापेक्षा अनेकदा ३० टक्के किंवा अधिक वाढते, असं त्यात म्हटलं आहे. आकडा ओळखीचा वाटला ना? सरकारनं एका हातानं दिलेले ३० टक्के असे सावकाराच्या हाती गेलेले असू शकतात. म्हणून कुठल्याही कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा: रोख दिले तर किती? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर चहा पाजून निरोप द्यावा.

आता हे आकडे आपल्या हिशेबात घाला. भाव ३ डॉलरवरून २ डॉलर १० सेंटवर आला की २१,०००ची यंत्रणा १४,७००ला मिळते. म्हणजे गेलेलं क्रेडिट पूर्णपणे भरून निघतं, कुणाच्या कराला हात न लावता. आणि ऑस्ट्रेलियासारखं एका डॉलरला मिळालं तर सिॲटलच्या ढगांखालीसुद्धा साडेसात वर्षांच्या आत पैसे सुटतात. माझा युक्तिवाद एवढाच आहे. तीस टक्के परत आणा म्हणून खासदाराला पत्र लिहायचं असेल तर जरूर लिहा. पण त्याआधी आपल्या टाउनशिपच्या सभेला एक संध्याकाळ जा आणि विचारा, आपल्याकडे सोलरचा परवाना मिळायला किती दिवस लागतात, आणि सोलर-ॲप का वापरत नाही? ही एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं विकसित केलेली यंत्रणा आहे. साध्या आराखड्यांची तपासणी संगणकच करतो आणि परवाना तिथल्या तिथे देतो. कॅलिफोर्नियानं २०२२मध्ये बहुतेक शहरांना अशी स्वयंचलित पद्धत बंधनकारक केली. टाउनशिपच्या सभांना आपण क्रिकेटच्या मैदानासाठी आणि शाळेच्या हद्दीसाठी जातो, तशी याही कामासाठी सवड काढता येईल.

यंदा दारावर येणाऱ्या पाहुण्यांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्यांचं बोलणं बदललं आहे. क्रेडिट फक्त घरमालकाचं गेलं. पॅनेल स्वतःच्या मालकीचं ठेवून तुम्हाला भाड्यानं देणाऱ्या कंपनीला ते वेगळ्या कलमाखाली अजून मिळतं, काम ४ जुलै २०२६च्या आत सुरू केलं किंवा २०२७च्या अखेरपर्यंत यंत्रणा चालू केली तर. म्हणून आता ‘विकत घेऊ नका, आम्ही फुकट बसवतो, फक्त वीज घ्या’ असा जोर आहे. करारात दर वर्षी २.९ टक्के वाढ असं बारीक अक्षरांत असतं. ऐकायला किरकोळ. चक्रवाढीनं पंचविसाव्या वर्षी तो हप्ता पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट होतो, तोवर पॅनेल मात्र म्हातारं झालेलं असतं. नोकरी बदलून घर विकायची वेळ आली तर घर घेणाऱ्यानं तो करार अंगावर घेतला पाहिजे, नाहीतर उरलेले हप्ते तुम्ही एकरकमी भरा. आपल्यातली किती कुटुंबं एका घरात पंचवीस वर्षं राहतात? वाढ शून्य असलेला, पहिल्या वर्षापासून आजच्या दरापेक्षा निदान पंचवीस टक्के स्वस्त असलेला करार मिळाला आणि हातात रोकड नसेल तर विचार करावा. एरवी नाही.

बॅटरीबद्दल विचारणा फार होते. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला वाटतं, छपरावर पॅनेल आहेत म्हणजे वीज गेली तरी आपले दिवे चालू. तसं होत नाही. ग्रिड बंद पडली की साधा सोलर इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तुमच्या छपरावरची वीज तारेत उतरली तर दुरुस्ती करणाऱ्याचा जीव जाईल. दिवे चालू ठेवायला बॅटरी आणि घर ग्रिडपासून तोडणारा स्विच लागतो. पैशाचं म्हणाल तर जिथे पूर्ण नेट मीटरिंग आहे, उदाहरणार्थ न्यू जर्सीत, तिथे बॅटरी काहीच वाचवत नाही. ग्रिडच तुमची फुकट बॅटरी आहे. कॅलिफोर्नियात ६ सेंटला जाणारं युनिट संध्याकाळी ३५ सेंटचं वाचवतं. रोज १० युनिटं, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ८७० डॉलर. बॅटरी १३,०००ला पडली तर वसुलीला पंधरा वर्षं, आणि वॉरंटी बहुधा दहाची. सॅन डिएगोसारख्या, संध्याकाळचा दर आणखी चढा असलेल्या ठिकाणी गणित बरं बसतं. बाकीच्यांनी ती मनःशांतीसाठी घ्यावी, बचतीच्या नावाखाली नको.

राज्यांच्या सवलती अजून आहेत. न्यूयॉर्क खर्चाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ५,००० डॉलर राज्याच्या करातून वजा करू देतं. मॅसॅच्युसेट्स १५ टक्के, पण १,०००ची मर्यादा. छपराचे शिंगल पंधरा वर्षांहून जुने असतील तर आधी छप्पर बदला, नाहीतर मध्येच पॅनेल उतरवून पुन्हा चढवायला काही हजार जातात. दक्षिणेला शेजाऱ्याचा मोठा ओक असेल तर विषय तिथेच सोडा.

आणि विजेचे दर? ते खाली येतील असं मला दिसत नाही. न्यू जर्सीत जून २०२५पासून बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली, कारण तेरा राज्यांच्या ‘पीजेएम’ ग्रिडवर क्षमता राखून ठेवण्याचा लिलावातला भाव एका वर्षात मेगावॉट-दिवसाला २९ डॉलरवरून २७० डॉलरवर गेला. डेटा सेंटरांची वाढती मागणी हे त्यामागचं एक मोठं कारण. ती डेटा सेंटरं उभी करणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांत आपली किती मंडळी आहेत हे मोजत बसत नाही. वरच्या सगळ्या हिशेबात मी दर स्थिर धरले आहेत. ते वाढले तर वसुलीची वर्षं आणखी कमी होतात.

ज्यांच्याकडे छप्परच नाही त्यांच्यासाठी एक बातमी युटामधून आहे. मार्च २०२५मध्ये त्या राज्यानं १,२०० वॉटपर्यंतची, भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये घालायची सौरपॅनेलं कायदेशीर केली. वीज कंपनीची परवानगी नको, तिच्याशी करार नको. जर्मनीत अशी बाल्कनीवरची पॅनेलं १० लाखांहून जास्त घरांनी नोंदवली आहेत; किंमत काही शे युरो, बसवायला एक शनिवार. ८०० वॉटचं पॅनेल दक्षिणमुखी बाल्कनीच्या कठड्यावर उभं टांगलं तर वर्षाला ६००च्या आसपास युनिटं मिळतात. न्यू जर्सीच्या दरानं ते १३० डॉलर होतात. व्हिसाच्या रांगेत असलेल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याला, आणि घर बदलताना ते पॅनेल गाडीच्या डिकीत टाकून नेता येईल.